पावसाळी मुलखातील सुती लुगडे

हातमागावर विणलेल्या सुती लुगड्याचा अभ्यास प्रायः विणकरांच्या गावापासून सुरू होतो आणि बहुधा तिथेच संपतो. नागपूर, सोलापूर, महेश्वर, इळकल ही नावे, माग आणि धोटा यांची वर्णने, काठापदराच्या नक्षीची नामावली एवढी सामग्री जमली की विषय पुरा झाला असे मानले जाते. वस्तुतः लुगडे मागावर थोडेच दिवस असते. त्याचे उरलेले सारे आयुष्य, म्हणजे नेसणे, धुणे, वाळवणे, घडी घालणे, सांधणे आणि अखेरीस चिंधी होणे, हे दुसऱ्याच कुणाच्या घरात, दुसऱ्याच हवेत आणि दुसऱ्याच पाण्यात घडते. प्रस्तुत विवेचन या दुसऱ्या आयुष्याविषयी आहे, आणि त्यासाठी निवडलेला मुलूख मुद्दामच न विणणारा आहे.

महाड आणि पोलादपूर हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिणेकडील, समुद्रापासून आत सह्याद्रीच्या पायथ्याला लागून असलेले तालुके होत. महाबळेश्वरच्या पठारावर उगम पावणारी सावित्री पोलादपुरावरून महाडला येते, तेथे तिला गांधारी मिळते आणि पुढे ती बाणकोटच्या खाडीतून समुद्राला जाते. वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस, उताराची निचऱ्याची जमीन आणि भात, नाचणी, वरी ही पिके असलेल्या या प्रदेशात कापूस पिकत नाही. कापसाला लागणारी खोल काळी माती आणि बोंडे फुटताना हवी असलेली कोरडी हवा, दोन्ही घाटाच्या वर राहतात. रायगड जिल्ह्यात कापडाची जुनी कीर्ती आहे ती चौलची, पण चौल समुद्रकाठचे बंदर होते आणि तेथील सुती व रेशमी विणकाम दूरदेशीच्या व्यापाराशी बांधलेले होते. आतल्या डोंगरपट्ट्यातल्या बाईच्या अंगावरचे लुगडे मात्र बहुतेक वेळा कुठून तरी चालत आलेले असे. वरंध घाटाने भोर-पुण्याकडून, पारघाटाने आणि नंतर आंबेनळी घाटाच्या रस्त्याने वाई-साताऱ्याकडून, किंवा खाडीतून वर येणाऱ्या गलबतांनी महाडच्या बाजारात माल उतरत असे. घाट आणि खाडी यांच्यामधली पेठ हेच महाडचे फार जुने रूप आहे. गावाजवळची गांधारपाले येथील बौद्ध लेणी याच व्यापारी वाटेची साक्ष देतात.

लुगडे विकत आणावे लागे आणि त्याला रोकड मोजावी लागे, ही साधी गोष्ट या मुलखातील निगेच्या साऱ्या रीतींच्या मुळाशी आहे. घरात पिकलेल्या भाताची किंमत वेगळी आणि बाहेरून आणलेल्या कापडाची वेगळी. म्हणूनच नव्या लुगड्याची घडी मोडणे, म्हणजे ते पहिल्यांदा नेसणे, याला सणाचे किंवा निदान चांगल्या दिवसाचे निमित्त शोधले जाई, आणि एकदा घडी मोडली की ते लुगडे शक्य तितकी वर्षे टिकवणे हे बाईचे कौशल्य समजले जाई. या कौशल्याची नोंद ना विणकामाच्या इतिहासात आली, ना शेतीच्या. त्याला कुणी धंदा म्हटले नाही, म्हणून त्याचे शास्त्रही कुणी मांडले नाही.

या भागात नेसल्या जाणाऱ्या सुती लुगड्यांत इरकली हा प्रकार विशेष लक्ष देण्याजोगा आहे. सध्याच्या कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातील इळकल या गावावरून त्याला हे नाव पडले. अंग सुती, काठ रंगीत रेशमी किंवा बनावट रेशमाचा, आणि पदर तशाच धाग्याचा, लाल-पांढरा, अशी त्याची सर्वसाधारण ठेवण असते. त्याच्या विणीतील एक तपशील निगेच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. लुगड्याच्या अंगाचा ताणा, म्हणजे लांबीच्या दिशेने जाणारे उभे धागे, आणि पदराचा ताणा हे वेगवेगळे तयार केले जातात आणि एकाच्या फाशात दुसऱ्याचा फासा अडकवून जोडले जातात. त्यांवरून बाणा, म्हणजे आडवा धागा, धोट्याने फिरत जातो. अंग एका जातीच्या धाग्याचे आणि पदर दुसऱ्या जातीच्या, आणि दोहोंच्या मध्ये फाशांची एक ओळ, अशी ही रचना असल्याने एकाच लुगड्याला दोन स्वभाव असतात. सुताचा स्वभाव असा, की ओले झाल्यावर त्याची ताकद घटण्याऐवजी कोरड्यापेक्षा वाढते. नदीच्या धोंडीवर आपटलेले, धोपटण्याने बडवलेले सुती कापड वर्षानुवर्षे तग धरते ते यामुळे. रेशीम ओले झाले की कमजोर होते, आणि लाकडाच्या लगद्यापासून केलेले बनावट रेशीम तर ओलेपणी आपली निम्मी ताकद गमावते. म्हणजे अंगाला जे धुणे मानवते तेच पदराला मारक ठरते. पदर हातात वर धरून अंग बडवावे आणि पदर नुसता खळबळून घ्यावा, ही धुण्याची पद्धत नजाकतीपोटी आलेली नसून तिला असे सबळ कारण आहे.

येथे हातमाग आणि खादी यांतला फरकही स्पष्ट केला पाहिजे, कारण बोलण्यात तो पुष्कळदा पुसला जातो. खादी म्हणजे हाताने कातलेल्या सुताचे, हाताने विणलेले कापड. हातमागाच्या लुगड्याचे सूत मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बहुतांशी गिरणीतच कातले जाते. खादीच्या विचाराशी आयुष्यभर बांधलेले विनोबा भावे याच जिल्ह्यातील पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, तरी जिल्ह्याच्या दक्षिण डोंगरपट्ट्यातील रोजचे लुगडे खादीचे कधीच नव्हते. सुताचा जाडबारीकपणा नंबराने सांगितला जातो. एक पौंड सुतात ८४० वार लांबीच्या जितक्या लडी भरतील तितका त्या सुताचा नंबर, म्हणून नंबर मोठा तितके सूत बारीक. चाळीस नंबरचे लुगडे जड, टिकाऊ आणि वाळायला चिवट. ऐंशी नंबरचे हलके, अंगाला सुखाचे, लवकर वाळणारे आणि काट्याकुट्यात लवकर फाटणारे. भाताच्या चिखलात उभे राहणाऱ्या बाईने जाड सुताला पसंती दिली, तर त्यात तिची रसिकता कमी होती असे समजण्याचे कारण नाही.

गिरण्यांविषयी बोलायचे तर महाड-पोलादपूरच्या खेड्यांचा मुंबईच्या कापड गिरण्यांशी संबंध फार जवळचा होता. १८५० नंतरच्या दशकात मुंबईत गिरण्या उभ्या राहू लागल्या आणि पुढील शंभराहून अधिक वर्षे कोकणातील पुरुष त्यांत साचे चालवायला, सूत काढायला जात राहिले. घरी येताना ते गिरणीचे पातळ आणत. ज्या हातांनी यंत्रमाग चालवले त्याच घरांतून हातमागाचे लुगडे हळूहळू बाजूला सरले, हा विरोधाभास लक्षात घेण्यासारखा असला तरी त्यात नैतिक दोष शोधणे व्यर्थ आहे, कारण गिरणीचे कापड स्वस्त होते आणि गावाकडे पाठवायच्या पैशांतून तेच परवडत होते. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव मोडले; तोवर मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागांचा माल बाजारात स्थिरावला होता. १९८५ च्या कायद्याने काही वस्तूंचे विणकाम हातमागासाठी राखून ठेवले आणि त्यात साडीच्या ठरावीक प्रकारांचा समावेश केला. मात्र राखीव माल ओळखणार कोण हा प्रश्न आठवड्याच्या बाजारात कायद्याने सुटत नाही.

आता या विषयाचा गाभा, म्हणजे पाऊस. जूनच्या पहिल्या पंधरवड्यानंतर सप्टेंबर सरेपर्यंत या भागातील हवा इतकी ओली असते की वाळलेले कापड खऱ्या अर्थाने वाळलेले नसतेच. सूत हवेतील ओलावा ओढून घेते. ६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या, म्हणजे सुखकर समजल्या जाणाऱ्या हवेत हाताला कोरडे लागणारे सूतही आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के पाणी बाळगून असते, आणि हवा जसजशी संपृक्त होत जाते तसतसे हे प्रमाण दुपटीच्या जवळ जाते. सूत हे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज, म्हणजे वनस्पतीच्या पेशींचे आवरण ज्याचे बनते तो पदार्थ, आणि काही जातींच्या बुरशीचे ते अन्नच आहे. म्हणून पावसाळ्यात लुगडे मळापेक्षा ओलाव्याने अधिक खराब होते. आधी कुबट वास येतो, जो सावकाश वाळणाऱ्या कापडात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचा असतो आणि पुन्हा धुऊन चटकन वाळवल्यास जातो. मग काळे ठिपके दिसतात, जे बुरशीने धाग्यात घर केल्याची खूण असल्याने साबणाला दाद देत नाहीत. आणि शेवटी त्याच जागी धागा इतका अशक्त होतो की बोटाने ओढताच तुटतो. या तीन पायऱ्यांतील पहिलीवरच थांबणे एवढेच माणसाच्या हाती असते.

नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वार, सुमारे सव्वाआठ मीटर कापड, आणि हाताने पिळल्यानंतरही ते जवळजवळ स्वतःच्या वजनाइतके पाणी धरून ठेवते. एवढे कापड बाहेर ऊन नसताना वाळवायचे कुठे, हा प्रश्न कोकणातील घराच्या बांधणीत शिरलेला आहे. ओटीवर किंवा माजघरात आढ्याला टांगलेला आडवा बांबू किंवा दोर, ज्याला वलणी म्हणतात, आणि चुलीच्या वर धुराच्या वाटेतली मोकळी जागा, या दोन ठिकाणी लुगडी वाळत. चुलीच्या उष्णतेने कापडाभोवतीची हवा कोरडी होते आणि धुराने बुरशीला अटकाव होतो. त्याची किंमत म्हणजे कापडाला धरणारा धुरकट वास आणि पांढऱ्या पोताला येणारी पिवळट झाक. गॅसची शेगडी आणि सिमेंटचे घर आल्यावर हा उपाय नाहीसा झाला. त्याची जागा घेणारी व्यवस्था अजून पुरती सापडलेली नाही, आणि पंख्याखाली खुर्चीवर पसरलेली साडी हे तिचे सध्याचे तात्पुरते रूप आहे. वाळत घालताना एकदा दुमडून घालण्यापेक्षा एकेरी पसरणे, आणि ते जमत नसल्यास दर काही तासांनी दुमड बदलणे, यानेही पुष्कळ फरक पडतो, कारण बुरशी नेहमी दुमडीच्या आतून सुरू होते.

पाण्याचा विचार येथे फक्त रसायनशास्त्राच्या अंगाने करून चालणार नाही. पावसाचे आणि डोंगरातून नुकतेच उतरलेले पाणी मृदू असते, त्यात क्षार कमी असल्याने साबणाला फेस चांगला येतो आणि धाग्यात चिकट साका बसत नाही. हे खरे असले तरी त्या पाण्यापर्यंत कोण पोचू शकत होते हा प्रश्न त्याआधीचा आहे, आणि महाडमध्ये तो टाळताच येत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाने चवदार तळ्याचे पाणी घेतले; त्या हक्काचा न्यायालयीन निकाल उच्च न्यायालयात लागायला १९३७ साल उजाडले. १९२७ च्याच डिसेंबरात महाडला भरलेल्या दुसऱ्या परिषदेच्या वेळी आंबेडकरांनी स्त्रियांच्या मेळाव्यापुढे जे भाषण केले त्यात लुगड्याचा विषय प्रत्यक्ष आला. लुगडे गुडघ्याच्या वर नेसण्याच्या सक्तीवजा रिवाजाने जात दुरून ओळखू येते, तो रिवाज सोडून घोट्यापर्यंत नेसावे, कपड्याला ठिगळे असली तरी हरकत नाही पण तो स्वच्छ असावा, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. आणि तेथे जमलेल्या स्त्रियांनी नेसण बदलण्यास विलंब लावला नाही, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे.

या प्रसंगाकडे वस्त्राच्या अभ्यासकांनी जितके लक्ष द्यायला हवे होते तितके दिलेले नाही. गुडघ्याच्या वर नेसलेले लुगडे घोट्यापर्यंत आणायचे तर तेच कापड निराळ्या रीतीने वाटून घ्यावे लागते, निऱ्या म्हणजे पोटाशी खोचायच्या चुण्या कमी-अधिक कराव्या लागतात, काठ जमिनीजवळ येतो आणि चिखलाने लवकर मळतो, म्हणजे धुणे वाढते. त्याच वेळी गावचा परीट अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीचे कपडे धूत नसे आणि गावचा पाणवठा तिला खुला नसे. स्वच्छ लुगडे नेसा हा उपदेश आणि तळ्याच्या पाण्याचा हक्क यांचा संबंध इतका थेट आहे. लुगड्याची निगा ही घरातली खासगी बाब आहे, असे धरून लिहिलेली गृहशास्त्राची पाठ्यपुस्तके या एका मुद्द्यावर अपुरी पडतात.

धुण्याच्या साधनांत राख, रिठा आणि साबण हा क्रम सर्वत्र आढळतो. लाकडाची राख पाण्यात कालवून वरची निवळ घेतली की अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे, पाणी मिळते. सुताला ते मानवते आणि तेलकट मळ त्याने निघतो. रिठ्याच्या सालीत फेस आणणारे द्रव्य असते आणि ते सौम्य असल्याने रेशमी काठासाठी राखेपेक्षा केव्हाही बरे. धुण्याचा सोडा आणि हल्लीच्या बहुतेक पावडरी अल्कधर्मी आहेत, त्यामुळे अंगाला त्या चालतात, पदराला चालत नाहीत. आम्लाचे उलट आहे: सुतात आम्ल राहिले आणि ते वाळले तर धागा जळल्यासारखा कमकुवत होतो, म्हणून लिंबू किंवा चिंच लावून डाग काढल्यावर भरपूर पाण्याने धुणे अत्यावश्यक ठरते.

डागांचा विषय प्रदेशाप्रमाणे बदलतो, आणि देशावरच्या पुस्तकांतील सल्ले येथे पुरे पडत नाहीत. आमसुलाचा तांबडा डाग साबण लागताच निळसर-काळपट होतो, कारण त्यातील रंगद्रव्य अल्कधर्मी पाण्यात आपला रंग बदलते. त्याला आधी नुसते थंड पाणी द्यावे. हळदीचा डाग साबणाने लाल होतो, पण उन्हात तो आपोआप फिका पडत जातो, तेव्हा घाईने घासण्यापेक्षा वाट पाहणे शहाणपणाचे. केळीचा चीक मात्र या दोहोंपेक्षा वाईट. तो लागला तेव्हा पाण्यासारखा दिसतो, हवेत काळा पडतो आणि एकदा काळा पडला की सुतातून पूर्णपणे जात नाही. गंजाचा डाग हा येथील पत्र्याच्या पेट्यांचा दोष आहे. लिंबू आणि मीठ लावून उन्हात ठेवल्यास तो फिका होतो, मात्र वर सांगितलेली धुण्याची अट पाळूनच.

कोरे लुगडे, म्हणजे अद्याप पाणी न लागलेले, प्रथम रात्रभर थंड पाण्यात भिजत घालावे लागते. विणण्यापूर्वी ताण्याला पांजण केलेली असते, म्हणजे धागा घासून तुटू नये म्हणून पिठाची खळ पाजलेली असते, आणि ती निघाल्याखेरीज कापडाला मऊपणा येत नाही. याच पाण्यात मूठभर मीठ टाकण्याची रीत फार पसरलेली आहे आणि तिच्याविषयीचा समज तिच्याहून मोठा आहे. मिठाने कच्चा रंग पक्का होत नाही. रंगवतानाच्या कढईत मीठ रंगाला धाग्याकडे ढकलते आणि म्हणून भिजवताना ते सुटणारा रंग थोडा आवरते, इतकेच. तुरटीचीही गत तीच. आल किंवा मंजिष्ठ यांसारख्या वनस्पतिजन्य तांबड्या रंगांना तुरटी लागते ती रंग धाग्याला बांधण्यासाठी, रंगवण्याच्या वेळी. कृत्रिम रंगाच्या तयार कापडावर तिचा उपयोग नगण्य आहे. निळीचा, म्हणजे खऱ्या नीळझाडाच्या किंवा तिच्या कृत्रिम प्रतिरूपाच्या रंगाचा, स्वभाव आणखी निराळा: पाण्याने तो जात नाही, घासण्याने जातो. गंधकी काळ्या रंगात एक छुपा धोका असतो, तो असा की उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षे पडून राहिल्यास त्यातील गंधकापासून अल्प प्रमाणात आम्ल तयार होते आणि पेटीत न नेसता ठेवलेले काळे कापड घडीवर फाटते. वापरलेले, वरचेवर धुतलेले काळे लुगडे टिकते आणि जपून ठेवलेले विरते, या अनुभवामागे हेच कारण असते.

धुतल्यानंतर भाताच्या पेजेची खळ देण्याची पद्धत तांदूळ पिकवणाऱ्या या मुलखाला साजेशी आहे. पातळ पेज गाळून त्यात लुगडे बुडवले की पोताला ताठरपणा येतो, निऱ्या बसतात आणि मळ धाग्याऐवजी खळीवर बसत असल्याने पुढच्या धुण्यात सहज निघतो. परंतु खळ हे बुरशीचे आणि कसरीचे, म्हणजे कापड व कागद कुरतडणाऱ्या चंदेरी किड्याचे, आवडते खाद्य आहे. यासाठी पावसाळ्यात खळ देऊ नये आणि बरेच दिवस ठेवायचे लुगडे खळ काढूनच ठेवावे. देशावर कपड्यांत कडुलिंबाचा पाला घालतात. कोकणात तो तितका मुबलक नसल्याने निरगुडीचा वाळलेला पाला ही जागा घेऊ शकतो. पाला आणि डांबराच्या गोळ्या दोन्ही कापडाला थेट लागू नयेत, आणि लुगडे पत्र्याच्या पेटीत ठेवायचे तर ते मांजरपाटाच्या, म्हणजे विरंजन न केलेल्या जाड सुती कापडाच्या, धुतलेल्या बासनात गुंडाळूनच ठेवावे. पाऊस सरल्यावर आश्विनातल्या उन्हात सारी पेटी रिकामी करून कपड्यांना ऊन दाखवायचे आणि घड्या बदलून परत ठेवायच्या, हा वार्षिक क्रम या साऱ्या उपायांहून अधिक गुणकारी आहे. ऊन मात्र थोड्या वेळाचे असावे, कारण दिवसभराच्या कडक उन्हाने रंगही उडतो आणि सूतही ठिसूळ होते.

झिजलेल्या लुगड्याची दुरुस्ती हे या विषयातील सर्वांत समृद्ध अंग आहे. नऊवारी नेसणीत कासोटा, म्हणजे पायांमधून मागे नेऊन खोचलेला भाग, आणि बसताना जमिनीला लागणारा भाग सर्वाधिक घासतो. लुगडे सगळीकडे सारखे झिजत नाही. दोन्ही टोके शाबूत असतात तेव्हाच मध्ये जाळी पडते. अशा वेळी मधला विरलेला भाग कापून काढून दोन धड तुकडे एकमेकांना जोडत, आणि या जोडशिवणीला दंड म्हणत. दंड घालताना काठ काठाला बरोबर भिडला पाहिजे, शिवण दोन्ही बाजूंनी दाबलेली असली पाहिजे आणि नेसल्यावर ती निऱ्यांत लपली पाहिजे. यांतली तिसरी अट सर्वांत कठीण, कारण तिच्यासाठी कापण्यापूर्वीच नेसण डोळ्यांपुढे आणावी लागते. लहान छिद्राला रफू, मोठ्याला ठिगळ आणि लांब झिजेला दंड, अशी ही श्रेणी होती. विणकराच्या कसबाला आज पुरस्कार आणि मानचिन्हे आहेत. उत्तम दंड घालणाऱ्या बाईला कुठलेच नाव मिळालेले नाही.

दंडानंतरही जे निरुपयोगी होई त्याला जुनेर म्हणत, आणि जुनेराचे भाग पाडले जात. मऊ, न सुटणाऱ्या रंगाचा भाग बाळोत्यांना आणि दुपट्याला, लांब पट्टा पाळण्याच्या झोळीला, जाड भाग गोधडीच्या थरांना आणि उरलेले पोतेऱ्याला. गोधडीत जुने सूत घालण्यामागे काटकसर तर आहेच, पण शेकडो धुण्यांनी खळ आणि मोकळा रंग पूर्ण गेलेले कापड बाळाच्या त्वचेला नव्यापेक्षा सुरक्षित असते हेही आहे. इरकलीचा रेशमी काठ मात्र यांतून वेगळा काढून दुसऱ्या लुगड्याला किंवा खणाच्या चोळीला लावला जाई.

जुलै २०२१ च्या पुरात महाड शहर पाण्याखाली गेले तेव्हा कपाटे आणि पेट्या गाळाने भरल्या, आणि निगेची ही सारी व्यवस्था एका रात्रीत उघडी पडली. पूरग्रस्त कापडाच्या बाबतीत सर्वांत मोठी चूक म्हणजे ते गाळासकट वाळवणे होय. वाळलेल्या गाळाचे बारीक कण घडी उलगडताना धागा कापतात. ओले असतानाच, न घासता, वाहत्या स्वच्छ पाण्याखाली गाळ सुटू द्यावा लागतो, आणि स्वच्छ पाणी नसेल तेव्हा तरी कापड सावलीत ओलेच ठेवून एक-दोन दिवसांत पाणी मिळवावे लागते, अन्यथा बुरशी सुरू होते. नदीकाठच्या गावाला या माहितीची गरज पुन्हा पडणार आहे.

आज या दोन तालुक्यांतील शेतात काम करणारी बाई बहुधा कृत्रिम धाग्याची सहावारी साडी नेसते, आणि पावसाळ्यापुरते पाहता तिची निवड योग्यच आहे: पॉलिस्टर पाणी शोषत नाही, तासाभरात वाळते आणि त्याला बुरशी लागत नाही. हातमागाच्या गौरवासाठी हे नाकारणे म्हणजे पेटीतल्या लुगड्याला चिखलातल्या बाईपेक्षा मोठे करणे होय. सुती लुगड्याचा खरा हंगाम या भागात दिवाळीनंतर सुरू होतो आणि मे महिन्याच्या घामट उकाड्यात त्याचे मोल कळते. तेवढ्या सात महिन्यांसाठी ते विकत घेणारी, किंवा आजीच्या पेटीतून बाहेर काढणारी तरुण पिढी हाच या विवेचनाचा मुख्य वाचक आहे. कोरड्या धुलाईच्या दुकानांचा सल्ला अशा वाचकाने सुती अंगासाठी मनावर घेऊ नये. ती दुकाने पोलादपूरच्या वाड्यांत नाहीत आणि तिथे त्यांची गरजही नाही.

पेटीतून काढलेल्या जुन्या लुगड्याला लगेच पाणी लावू नये. ते आधी सावलीत पूर्ण उलगडून, उजेडासमोर धरून झिजलेल्या जागा पाहाव्यात. पदर आणि अंग यांच्या जोडावरील फाशांची ओळ बोटाने चाचपून एखादा फासा सुटला असल्यास तो धुण्यापूर्वी टाक्याने धरावा. त्यानंतर काठाच्या आतल्या कोपऱ्यावर ओले पांढरे फडके मिनिटभर दाबून रंग उतरतो का ते बघावे, आणि उतरत असेल तर ते लुगडे थंड पाण्यात एकटेच, न भिजवता, काठ अंगाला चिकटून राहणार नाही अशा रीतीने भराभर धुऊन एकेरी पसरावे.